उमाजी नाईक, राघोजी भांगरे: दरोडेखोर की परकीय सत्तेविरुद्ध उभे ठाकलेले वीर?

प्रश्न

आमच्या शाळेत १८५७ पूर्वीच्या प्रतिकारावर भित्तिपत्रक तयार होत आहे आणि मजकुराची जबाबदारी माझ्याकडे आहे. उमाजी नाईक आणि राघोजी भांगरे यांच्याविषयी वाचताना एक अडचण सतत पुढे येते. कंपनी सरकारच्या कागदपत्रांत हे दोघेही दरोडेखोर आहेत, तर आपल्याकडच्या गौरवपर पुस्तिकांत ते जणू पहिल्या दिवसापासून भारताच्या स्वातंत्र्यासाठी लढत होते. मुले थेट विचारतात, ‘त्यांनी लूट केली होती का?’ याचे प्रामाणिक उत्तर कसे लिहावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

लूट झाली होती, असे स्पष्ट लिहा; मात्र त्याआधी काय घडले तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. उमाजी रामोशी समाजातला. हे रामोशी पिढ्यान्‌पिढ्या पुरंदरसारख्या किल्ल्यांचे आणि गावांचे राखणदार होते. गावाची राखण करायची, चोरी झाली तर माग काढायचा आणि त्याबदल्यात जमीन व हक्क मिळायचे, अशी ती व्यवस्था होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातच तिला धक्का बसला होता आणि १८१८ नंतर कंपनीने पोलीस व महसुलाची घडी नव्याने बसवली तेव्हा या माणसांच्या हातचे कामही गेले आणि मानही गेला. पुरंदरजवळच्या भिवडी गावी १७९१ मध्ये जन्मलेला उमाजी या परिस्थितीतून पुढे आला.

त्याला केवळ लुटारू म्हणता येत नाही, याचा पुरावा त्याच्याच कृतीत आहे. १८३१ च्या फेब्रुवारीत त्याने जाहीरनामा काढला आणि लोकांनी इंग्रजांची चाकरी सोडावी, सरकारी खजिने लुटावेत, शेतसारा भरू नये, असे त्यात बजावले. घरे फोडण्यासाठी जाहीरनामा लागत नाही. ज्याला राज्यच मान्य नाही, तोच साऱ्याविषयी अशी आज्ञा काढतो. सरकारनेही हे ओळखले होते, म्हणून त्याच्यावरचे इनाम दहा हजार रुपये आणि चारशे बिघे जमिनीपर्यंत वाढले. अखेर फितुरी झाली. डिसेंबर १८३१ मध्ये तो पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी देण्यात आली.

उमाजीला पकडण्याच्या मोहिमेवर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉश याने रामोशांवर लिहिलेले पुस्तक १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले. उमाजीच्या डोळ्यांसमोर शिवाजी महाराजांचा आदर्श होता, हे त्यालाही नोंदवावे लागले. ज्याने त्याचा पाठलाग केला त्याच्याच लेखणीतून हे उतरले आहे, म्हणून मी त्याला फार मोल देतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. राघोजींविषयी लिहिताना सावकारी हा विषय टाळू नका, एवढेच सुचवतो. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील महादेव कोळी समाजाकडे घाटांची आणि गडांची राखण होती. ती गेली, वर रोखीत सारा भरावा लागू लागला, त्यासाठी कर्ज काढावे लागले आणि सावकाराने नव्या न्यायालयातून हुकूमनामा आणला की जमीन जाऊ लागली. राघोजींच्या बंडात सावकारांवर हल्ले झाले, त्यांची नाके-कान कापली गेली, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. आपली जमीन आपल्याच डोळ्यांदेखत खतपत्रांनी गिळलेल्या माणसांना सावकार आणि त्याच्या पाठीशी उभे असलेले सरकार वेगळे वाटत नव्हते. तसे ते नव्हतेही.

बंड मोडून काढल्यावर राघोजी निसटले आणि पुढे बराच काळ हाती लागले नाहीत. २ जानेवारी १८४८ रोजी लेफ्टनंट गेल याने त्यांना पंढरपुरात पकडले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. ‘आद्यक्रांतिकारक’ ही पदवी कोणाला द्यायची, यावर वाद घालण्यात मला रस नाही. अकोले तालुक्याबाहेरच्या मुलांना हे नाव माहीत व्हावे, याची मात्र मनापासून तळमळ आहे.

प्रतिसाद ३

सर, शक्य असल्यास चंद्रपूरच्या बाबूराव शेडमाके यांनाही जागा द्यावी. त्यांचा लढा १८५८ चा, म्हणजे आपल्या मर्यादेच्या थोडा पुढचा आहे. तरीही पंचविशीतल्या या गोंड जमीनदाराने जंगलातल्या तरुणांची फौज उभारून कंपनीच्या सैन्याला झुंजवले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या (म्हणजे चंद्रपूरच्या) तुरुंगात फाशी पत्करली, हे नववीच्या मुलांना नक्कीच भिडेल.

आणखी एक सुचवतो. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके उठले तेव्हा त्यांच्या बरोबर दौलतराव नाईकांसारखे रामोशी होते. फडक्यांचे नाव मुलांना ठाऊक असते, म्हणून भित्तिपत्रकात तिथून मागे उमाजींकडे जाणारी एक रेघ काढा आणि दौलतरावांचे नाव त्या रेघेवर ठळक लिहा.