सॅन ह्वानला बोटीचा एक दिवस: बसटूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

परळची_सूनबाई:
मंडळी, सासू-सासऱ्यांना घेऊन मायामीहून कॅरिबियन क्रूझला निघालोय. पोर्तो रिकोतल्या सॅन ह्वानला बोट सकाळी लागते, संध्याकाळी सुटते. सासऱ्यांना इतिहासाचं वेड, बीचकडे ते ढुंकूनही बघणार नाहीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. बोटीवरच्या टूरचे भाव बघून डोळे पांढरे झालेत. काय करू?

वसईवाला:
ताई, टूर नकोच. धक्क्यावरून बाहेर पडलं की जुनं शहर समोरच. तिथे स्पॅनिशांचे दोन किल्ले आहेत. पण सगळे करतात तसं आधी एल मोरो किल्ल्याकडे धावू नका, सान क्रिस्तोबाल किल्ला आधी बघा. कारण सांगतो. एल मोरोचं बांधकाम 1539 ला सुरू झालं, तोफांचा रोख समुद्राकडे. 1595 मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेक समुद्रातून आला नि मार खाऊन गेला. तीनच वर्षांनी इंग्रज जमिनीच्या बाजूनं चालत आले आणि किल्ला घेतला! मग हगवणीची साथ आली आणि सोडूनही गेले. ते पाठचं दार बंद करायला सान क्रिस्तोबाल उभा राहिला. 1797 ला ब्रिटिश सेनापती राल्फ ॲबरक्रॉम्बी पुन्हा जमिनीच्या बाजूनंच आला आणि अडकला. (याचा सख्खा भाऊ रॉबर्ट थोडं आधी आपल्या मुंबईचा गव्हर्नर होता. सासऱ्यांना हे सांगाच, दिवसभर पुरेल.)

सान क्रिस्तोबालच्या अंधारकोठडीच्या भिंतीवर कैद्यानं काढलेली गलबतं आहेत, शिडं-दोरखंडांसकट. मी तिथून हलेना म्हणून बायको वैतागली. मधल्या चौकाखाली पावसाच्या पाण्याची टाकी आहेत. आपल्या गडांवरची टाकी बघितलेल्या माणसाला तिथे घरच्यासारखं वाटतं.

सासूबाईंना सान क्रिस्तोबालच्या दारापर्यंत टॅक्सीनं न्या. एल मोरोला मात्र गाडी माळाच्या कडेलाच सोडते, पुढे उन्हातून चालत जायचं. आत उतार आणि जिने. त्यांना बाहेर हिरवळीवर बसवा, तिथे पोरंटोरं पतंग उडवत असतात, वेळ मजेत जाईल. छत्री हवीच.

डोंबिवली_फास्ट:
निळसर दगडांच्या गल्ल्यांत चपला घालून जाऊ नका. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचे दगड आहेत ते, पाऊस पडला की घसरगुंडी. आणि पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग, त्यामुळे डॉलरच चालतात. बोटीवरचं घड्याळ आणि गावातलं घड्याळ जुळतंय ना, ते उतरतानाच बघून घ्या.

परळची_सूनबाई:
वसईवाले दादा, सासऱ्यांना वाचून दाखवलं. आता ते विचारतायत, ड्रेकला पिटाळलं तेव्हा तोफा नेमक्या किती होत्या. तुम्हीच सांभाळा!

वसईवाला:
त्यांना नंबर द्या माझा, व्यक्तिगत निरोप (व्यनि) करतो. पोर्तो रिकोचा पहिला स्पॅनिश गव्हर्नर पोन्से दे लेओन, त्याची संगमरवरी कबर कॅथेड्रलमध्ये आहे, तिथे सावली आणि बाकडी दोन्ही. दुपारचं ऊन तिथे काढा.