लिस्बनची प्राझेरेश दफनभूमी कॉलऱ्याने झाली का सरकारने?

जुनीवही: सगळीकडे एकच वाक्य असतं, 1833 ला लिस्बनमध्ये कॉलरा आला म्हणून पश्चिमेला प्राझेरेश आणि पूर्वेला आल्तो द साँव जुआँव या दफनभूम्या झाल्या. मला हे अर्धवट वाटतं. साथीसाठी घाईने जागा धरली हे मान्य, पण साथ गेल्यावर लोक परत चर्चच्या फरशीखाली पुरायला मोकळे होते ना? ते होऊ दिलं नाही नव्या उदारमतवादी सरकारने, 21 सप्टेंबर 1835 च्या हुकूमाने चर्चमध्ये पुरणंच बंद आणि पोर्तुगालभर सार्वजनिक दफनभूम्या सक्तीच्या. आदल्याच वर्षी मठ बरखास्त केलेले. चर्चच्या हातून मयतसुद्धा काढून घ्यायची होती, माझं स्पष्ट मत.

कडुलिंब: अजिबात पटत नाही. रिबैरो सांशेस नावाच्या डॉक्टरने 1756 लाच चर्चमधल्या दफनाविरुद्ध लिहून ठेवलंय, तेव्हा कुठे होतं हे सरकार? कोंदट चर्च, खाली प्रेतं, वर माणसं गुडघे टेकून बसलेली, विचार करा जरा. आणि उत्तरेकडच्या पोर्तो शहरात आग्रामोंते दफनभूमी 1855 ला सुरू झाली तीही कॉलऱ्यामुळेच. दरवेळी राजकारण कशाला शोधायचं.

जुनीवही: मग पोर्तोचीच प्रादो दो रेपोझो दफनभूमी 1839 ची आहे, ती कुठल्या साथीने? आणि डॉक्टरने लिहून ऐंशी वर्षं काहीच हललं नाही, हललं ते सत्ता बदलल्यावर, यातच उत्तर आलं.

वसईवाली: तुम्ही दोघं डॉक्टर आणि मंत्री यांचंच बोलताय, ज्यांची माणसं गेली त्यांचं काय? आमच्या वसई किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या भिंतींमध्ये जमिनीत कोरीव थडग्यांचे दगड आहेत, लहानपणी त्यांच्यावरून चालायला भीती वाटायची, आजी म्हणायची अगं ती वेदीजवळ झोपलेली माणसं, त्यांना प्रार्थना ऐकू येते. ज्याची श्रद्धा अशी आहे त्याला गावाबाहेरच्या माळावर पुरा म्हणून सांगायचं म्हणजे केवढं मोठं! 1846 मध्ये उत्तरेला मिन्यो भागात बायकाच उठल्या, मयत जबरदस्तीने चर्चमध्ये नेऊन पुरली, तेच मारिया द फोंते नावाने ओळखलं जाणारं बंड, त्यात करांचा रागही मिसळला आणि तेव्हाचा मंत्री कोस्ता काब्राल याचं सरकार पडलं.

कडुलिंब: बंड खरं, पण ते खेड्यातलं. लिस्बनच्या लोकांनी स्वीकारलंच की.

वसईवाली: कोणी स्वीकारलं ते बघा ना. प्राझेरेशमध्ये रांगेने दगडी घरं आहेत, दार, खिडकी, आत पडदे आणि फळ्यांवर शवपेट्या, पाल्मेलाच्या ड्यूकच्या घराण्याचं तर केवढं मोठं स्मारक. त्यांना मातीत जावंच लागलं नाही, चर्च सुटलं तर स्वतःचं छोटं चर्च बांधलं. मिन्योतल्या बाईकडे ते बांधायला पैसे कुठले?