मदत हवी आहे: कॅमेऱ्यातले फोटो आपोआप संगणकावर कसे घ्यायचे?

पानगळ
कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडला की सगळे फोटो आपोआप एका फोल्डरमध्ये यायला हवेत. त्यासाठी बॅच फाइल (संगणकाला ओळीने आज्ञा देणारी छोटी फाइल) लिहिली आहे आणि गेले तीन दिवस ती व्यवस्थित चालली. आज केबल लावून चालवली तर एकही फोटो येत नाही. कॅमेरा चालू आहे, केबल नवीन आहे. दोन तास गेलेत. कोणाला माहीत असेल तर कृपया लवकर सांगा, काम अर्धवट पडलंय.

तारयंत्र
कोणता कॅमेरा? विंडोज की मॅक? बॅच फाइलमध्ये नेमकं काय लिहिलंय? आणि तीन दिवस चालली, पण "आज केबल लावून" चालवली म्हणजे आधी केबल नव्हती का?

आडवाट
केबलच्या भानगडीत पडूच नका. हल्लीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत वायफाय असतं. कंपनीचं ॲप फोनवर घ्या, फोटो फोनवर येतील, तिथून क्लाउडवर आणि क्लाउडवरून लॅपटॉपवर. मी दोन वर्षं असंच करतोय, कार्ड कधी बाहेर काढलेलं नाही.

मोजपट्टी
@आडवाट, एक फोटो तीन ठिकाणी फिरवून आणायचा? शिवाय काही ॲप आपोआप पाठवताना लहान केलेला फोटो पाठवतात. निकॉनच्या स्नॅपब्रिजमध्ये आपोआप येणारा फोटो २ मेगापिक्सेलचा असतो. मूळ फाइल हवी असेल तर कार्डरीडरला पर्याय नाही. कार्ड काढा, रीडरमध्ये घाला, संपलं.

पानगळ
कॅनन आर५०, विंडोज ११. बॅच फाइलमध्ये रोबोकॉपीची (विंडोजमधली फाइली कॉपी करायची आज्ञा) एकच ओळ आहे: ई ड्राइव्हवरचं डीसीआयएम, म्हणजे कार्डावरचे फोटो असतात ते फोल्डर, सगळ्या सबफोल्डरसकट, डी ड्राइव्हवरच्या "वह्या" फोल्डरमध्ये. आधी कार्डरीडरच वापरत होते. आता कॅमेरा स्टँडवर उलटा, खाली तोंड करून लावलाय आणि कार्डाचं झाकण स्टँडच्या प्लेटखाली आलंय. कार्ड काढायचं तर कॅमेरा उतरवावा लागतो आणि पुन्हा समांतर लावायला अर्धा तास जातो. म्हणून केबल.

तारयंत्र
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर बरं झालं असतं. आर५०मध्ये कार्ड आणि बॅटरी एकाच झाकणाखाली, तळाला असतात. त्यामुळे ही अडचण येणारच.
कारण सोपं आहे. कार्डरीडरमधलं कार्ड विंडोजला डिस्क म्हणून दिसतं, म्हणून त्याला ई हे अक्षर मिळतं. केबलने जोडलेला कॅमेरा मात्र डिस्क नसतो. तो पीटीपी नावाच्या भाषेत बोलतो: संगणक फाइल मागतो आणि कॅमेरा ती देतो. धिस पीसीमध्ये त्याचं चित्र दिसेल, आत फोल्डरही दिसतील, पण ड्राइव्हचं अक्षर नसेल. रोबोकॉपीला अक्षर किंवा पाथ लागतो, त्यामुळे तिच्या दृष्टीने तिथे काहीच नाही. बॅच फाइल कितीही सुधारली तरी हे बदलणार नाही.

पानगळ
पण माझ्याकडे धिस पीसीमध्ये चित्रही दिसत नाहीये. काहीच नाही.

तारयंत्र
मग दोन गोष्टी बघा. केबल फक्त चार्जिंगची तर नाही ना? काही यूएसबी-सी केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतात. दुसरं, कॅमेऱ्याच्या मेनूत यूएसबी जोडणी कशासाठी वापरायची याचा पर्याय आहे. त्यात काय निवडलंय?

निळीशाई
मॅकवर हे फार सोपं आहे. इमेज कॅप्चर उघडायचं, डावीकडे खाली "हा कॅमेरा जोडल्यावर काय उघडायचं" असं विचारतं, तिथे ऑटोइंपोर्टर निवडायचं. पुढच्या वेळेपासून केबल लावली की फोटो आपसूक उतरतात.

मोजपट्टी
विंडोज ११ आहे त्यांचं.

निळीशाई
माहीत आहे. पुढे कोणी मॅकवाला हा धागा शोधत आला तर उपयोग होईल म्हणून लिहिलं.

पानगळ
सापडलं! तो पर्याय व्हिडिओ कॉलवर होता. मागच्या महिन्यात मीटिंगसाठी कॅमेरा वेबकॅम म्हणून लावला होता, ते डोक्यातून पार गेलं होतं. फोटो इंपोर्ट आणि रिमोट कंट्रोलचा पर्याय निवडल्यावर लगेच चित्र आलं. पण तारयंत्र म्हणतात तसंच आहे, अक्षर नाही. आता काय करू?

तारयंत्र
कॅननचंच ईओएस युटिलिटी घ्या, फुकट आहे. त्यात रिमोट शूटिंग उघडा. फोटो फक्त संगणकावर ठेवायचा की संगणक आणि कार्ड दोन्हीकडे, हे विचारतं. दोन्ही निवडा. मग बटण दाबलं की फोटो थेट फोल्डरमध्ये पडतो आणि स्क्रीनवर दिसतो. याला टेदरिंग म्हणतात. पान हललं किंवा कोपरा कापला गेला तर तिथल्या तिथे कळतं. कॅमेऱ्याचा ऑटो पॉवर ऑफ बंद ठेवा, नाहीतर तो झोपला की जोडणी तुटते.

उंबरठा
लिनक्सवर जीफोटो२ हे कॅमेऱ्यातून फोटो घेणारं सॉफ्टवेअर वापरा. टेदर करण्याची एक आज्ञा दिली की प्रत्येक नवा फोटो आपोआप उतरतो आणि नावात तारीख-वेळ घालता येते. फक्त डेस्कटॉपने कॅमेरा आधीच माउंट केला (स्वतः उघडून ताब्यात घेतला) असेल तर तो आधी सोडवावा लागतो. ईओएस युटिलिटी एकाच कंपनीपुरतं, हे शेकडो कॅमेऱ्यांवर चालतं.

तारयंत्र
जीफोटो२ उत्तमच आहे. पण काम अर्धवट असताना त्यांना नवी ऑपरेटिंग सिस्टिम शिकायला लावू नका.

दवबिंदू
कसल्या वह्या आहेत? पानं सपाट असतील तर स्कॅनर का नाही वापरत? आणि कॅमेराच वापरायचा असेल तर दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवा, समोरून नको. शाई चमकते.

पानगळ
वडिलांच्या हातच्या वह्या आहेत. कागद इतका ठिसूळ झालाय की स्कॅनरवर पालथं ठेवलं तर तुकडे पडतील. एकेक पान एकदाच उलटायचं असं ठरवलंय. दिवे तसेच लावलेत. धन्यवाद.

मोजपट्टी
एक गोष्ट मघापासून खटकतेय. तीन दिवस तुम्ही एकच कार्ड वापरलंत की जास्त? आणि कॅमेऱ्यातलं फाइल नंबरिंग कंटिन्युअस (कार्ड बदललं तरी पुढे चालू) आहे की ऑटो रिसेट?

पानगळ
दोन कार्डं, आलटून पालटून. कॅमेऱ्यात घातलं की आधी फॉरमॅट करते. नंबरिंग बघितलं, ऑटो रिसेट आहे. का?

मोजपट्टी
आत्ता, याच क्षणी फोटो काढणं थांबवा. ऑटो रिसेटमध्ये रिकामं कार्ड घातलं की नंबर पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. तुमची रोबोकॉपी रोज त्याच फोल्डरमध्ये कॉपी करते. नाव तेच आणि फाइल वेगळी असली तर ती न विचारता जुन्या फाइलवर नवी लिहिते. तुमच्या फोल्डरमध्ये किती फोटो आहेत आणि एकूण किती काढलेत, मोजा.

पानगळ
पहिल्या दिवशी १८०, दुसऱ्या दिवशी २१०, काल ६०. एकूण ४५०. फोल्डरमध्ये २१० आहेत.
पहिल्या दिवसाचा एकही नाही. पहिली वही पूर्ण गेली. हात कापतायत माझे.

मोजपट्टी
अजून गेली नाही. दुसऱ्या दिवसाचं कार्ड फॉरमॅट केलं नसेल तर ते फोटो त्यावर आहेत, बाजूला ठेवा. पहिलं कार्ड तुम्ही काल फॉरमॅट करून त्यावर ६० काढलेत. साधा फॉरमॅट फक्त यादी पुसतो, फोटो तिथेच पडून असतात, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. लो लेव्हल फॉरमॅट (त्यात सगळं कार्डच पुसलं जातं) केला नव्हता ना? कॅमेरा स्टँडवरून उतरवा, कार्ड काढा, त्याच्या कडेचं लॉक खाली सरकवा. मग फोटोरेक हे पुसलेले फोटो शोधून देणारं फुकट सॉफ्टवेअर कार्डरीडरमधल्या कार्डावर चालवा. सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर ठेवू नका, लॅपटॉपवर ठेवा.

आडवाट
फोटोरेकऐवजी विकत मिळणारी सॉफ्टवेअरं जास्त सोपी असतात. वायफाय वापरलं असतं तर हे झालंच नसतं.

तारयंत्र
वायफायचा इथे काय संबंध? दोष नावांचा आहे. वायफायने एकाच फोल्डरमध्ये टाकले असते तरी नावं तीच असती. डीसीएफच्या (कॅमेऱ्यातल्या फाइली-फोल्डरांच्या नावांचं ठरलेलं मानक) नियमाने कॅमेऱ्यातल्या फाइलच्या नावाला आठच अक्षरं मिळतात, शेवटचे चार अंक. कंटिन्युअस ठेवलं तरी ९९९९ नंतर पुन्हा ०००१ येतो. संगणकावर घेतानाच नावात तारीख घालणं हाच उपाय.

पानगळ
(दुसऱ्या दिवशी)
लो लेव्हल केला नव्हता. फोटोरेकने पहिल्या दिवसाचे ११७ फोटो काढून दिले. फाइलींची मूळ नावं गेली आहेत, पण फोटो काढल्याची वेळ आत शाबूत आहे, त्यामुळे वेळेनुसार लावल्यावर पानांचा क्रम बरोबर आला. दुसऱ्या दिवसाचे सगळे २१० दुसऱ्या कार्डावर मिळाले. ६३ पानं पुन्हा उलटावी लागतील. ती पहिल्या वहीच्या सुरुवातीची आहेत, सगळ्यात जीर्ण. मोजपट्टी, तुम्ही विचारलं नसतं तर आज दुसरं कार्डही फॉरमॅट केलं असतं. मनापासून आभार.
ईओएस युटिलिटी चालू झालं. बटण दाबलं की पान समोर स्क्रीनवर येतं. नंबरिंग कंटिन्युअस केलं आणि नावात तारीखही घातली. तारयंत्र, तुमचेही आभार. आता बाहेरच्या डिस्कवर दुसरी प्रत हवी आहे. त्यासाठी तीच बॅच फाइल वापरू की नको?

मोजपट्टी
वापरा, पण ओळीच्या शेवटी स्लॅश एक्ससी, स्लॅश एक्सएन आणि स्लॅश एक्सओ हे तीन स्विच (आज्ञेला जोडायच्या जादा सूचना) जोडा. मग त्याच नावाची फाइल तिथे आधीच असेल तर रोबोकॉपी तिला हात लावत नाही, फक्त नव्या फाइली घेते. दोन्ही ठिकाणचा आकडा जुळल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

दवबिंदू
त्या ६३ पानांसाठी: उलटताना बोटाने धरू नका, खाली पातळ पण ताठ कागदाची पट्टी सरकवून पान पट्टीसकट उचला.

पानगळ
पट्टी कापून ठेवली. उद्या सकाळच्या उजेडात सुरू करते.

रानवाट
माझ्याकडे कॅमेरा नाही, फोन आहे. त्यातले फोटो लॅपटॉपवर आपोआप कसे येतील?

तारयंत्र
कोणता फोन? लॅपटॉपवर विंडोज की मॅक? नवा धागा काढा, तिथे सांगतो.