मदत हवी आहे: पॅम_सेट_डेटाने ठेवलेलं नंतर सापडत नाही (अर्जंट!)

रात्रपाळी (रा. १०:५२)
नमस्कार मंडळी. ऑफिससाठी सी मध्ये पॅमचं (लिनक्सवर लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेचं) मॉड्यूल लिहितोय. ऑथेंटिकेटमध्ये (ओळख तपासायच्या टप्प्यात) ओटीपी तपासला की सर्व्हरकडून टोकन येतं, ते पॅम_सेट_डेटाने ठेवतो. ओपन_सेशनमध्ये (सेशन उघडायच्या टप्प्यात) पॅम_गेट_डेटाने मागितलं की १८ हा एरर येतो. वर ठेवलेलं साफ करणारं क्लीनअप फंक्शन चालतच नाही, टोकनच्या तात्पुरत्या फायली रन फोल्डरमध्ये साचल्यात. दोन दिवस गेले. उद्या अकराला डेमो आहे. नाव दोन्हीकडे सारखंच दिलंय, ते विचारू नका.

सी_आजोबा (१०:५८)
पैज लावून सांगतो, लोकल स्ट्रक्टचा पत्ता दिला असणार. लायब्ररी नावाची प्रत करते, डेटाची नाही. पॉइंटर जसाच्या तसा ठेवते. फंक्शन संपलं की त्या पत्त्यावर कुणीही राहायला येतं. मॅलॉक करा, ती मेमरी फंक्शन संपलं तरी राहते.

रात्रपाळी (११:०१)
मॅलॉकच आहे.

टर्मिनलवाला (११:०३)
आजोबा, तसं असतं तर कचरा मिळाला असता किंवा प्रोग्राम कोसळला असता. १८ म्हणजे पॅम_नो_मॉड्यूल_डेटा, त्या नावाची नोंदच नाही. धागाकर्ते, लॉगिन कशातून करताय? एसयू (त्याच मशीनवर युजर बदलून) की एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून)? कोड टाका.

चहाबाज (११:०६)
ओटीपी न येण्याचा त्रास मलाही होता. फोन एअरप्लेन मोडवर टाकून परत काढा, लगेच येतो.

रात्रपाळी (११:०९)
ओटीपी येतोय हो! कोड ऑफिसचा आहे, देता येणार नाही. एसयूने सगळं नीट चालतं, क्लीनअपसकट. एसएसएचनेच बोंब आहे.

टर्मिनलवाला (११:११)
हे पहिल्या ओळीत हवं होतं! दोन्ही फंक्शनांचा लॉग प्रोसेस नंबरसकट टाका.

किल्लीकुलूप (११:१४)
मुळात स्वतः मॉड्यूल लिहायचा हट्ट कशाला? एसएसएसडी (लॉगिनची तयार सर्व्हिस) लावा आणि झोपा. मी चार वर्षं वापरतोय.

रात्रपाळी (११:१९)
एसएसएचडी[४१२७]: ऑथ: टोकन ठेवलं
एसएसएचडी[४१२५]: सेशन: डेटा नाही, १८
@किल्लीकुलूप, साहेबांना सांगून बघा.

टर्मिनलवाला (११:२७)
४१२७ आणि ४१२५. सापडला चोर. कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह पद्धतीत (प्रश्न विचारून उत्तर टाइप करून घेतात ती) एसएसएचडी, म्हणजे एसएसएचचा सर्व्हर, पॅमशी बोलायला एक पोरगा प्रोसेस फोर्क करतो, म्हणजे स्वतःची प्रत काढतो. पॅम_ऑथेंटिकेट त्याच्यात होतं, सेशन बापाकडे उघडतं. तुम्ही डेटा पोराच्या मेमरीत ठेवला आणि बापाकडे मागताय. एसयूमध्ये सगळं एकाच प्रोसेसमध्ये होतं, म्हणून तिथे चालतं.

सी_आजोबा (११:३३)
मग क्लीनअप का चालत नाही? पोरगा जाताना पॅम_एंड (पॅमचं काम आवरणारा कॉल) करेलच की.

टर्मिनलवाला (११:३६)
करत नाही. एसएसएचडीच्या सोर्समधली ऑथ-पॅम.सी उघडून बघा: तिथला पीथ्रेड_एक्झिट हा नकली आहे, आत सरळ अंडरस्कोअर-एक्झिट, म्हणजे काही न आवरता प्रोसेस बंद. पॅम_एंड नाही तर क्लीनअप नाही, म्हणून फायलींचा ढीग.

सी_आजोबा (११:४४)
बघितलं. खरं आहे. तरी एक सांगतो, क्लीनअपमधला एरर_स्टेटस (ते का बोलावलं गेलं ते सांगणारा आकडा) वाचल्याशिवाय फाइल उडवू नका. त्याच नावाने पुन्हा सेट केलं की जुन्या डेटासाठी क्लीनअप चालतं आणि पॅम_डेटा_रिप्लेस हा बिट येतो. फोर्क झालेला पोरगा पॅम_एंड करताना पॅम_डेटा_सायलेंट देऊ शकतो. तेव्हा मेमरी सोडायची, बापाच्या फायलीला हात लावायचा नाही. आणि टोकन पुसायला मेमसेट नको, फ्रीच्या (मेमरी सोडायच्या) आधी असेल तर कंपायलर ते गाळून टाकू शकतो. एक्स्प्लिसिट_बीझीरो वापरा, ते गाळलं जात नाही.

किल्लीकुलूप (११:४७)
एवढी कसरत! एसएसएसडी...

टर्मिनलवाला (११:५२)
किल्लीभाऊ, तुमचा वेगळा धागा काढा. @रात्रपाळी, पोरातून बापाकडे पॅमचं एन्व्हायर्नमेंट (व्हेरिएबलांची यादी) तेवढं पोचतं, एसएसएचडी ते स्वतः वाहून नेतो. पॅम_पुटएन्व्हने एक व्हेरिएबल ठेवा, पण टोकन त्यात घालू नका, ते युजरच्या शेलमध्ये दिसेल. फक्त फाइलचं रँडम नाव घाला. फाइल रूटची (मुख्य युजरची), परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल. सेशनमध्ये वाचली की लगेच उडवा, आणि नुसतं नाव, बरोबरचं चिन्ह न लावता, पॅम_पुटएन्व्हला द्या म्हणजे व्हेरिएबलही जातं. अर्धवट लॉगिनच्या फायली राहतील, त्या वेळ बघून झाडाव्या लागतील.

चहाबाज (११:५५)
रूट करू नका हो, वॉरंटी जाते.

रात्रपाळी (रा. १:३८)
चाललं!! शेलमध्ये एन्व्ह मारून बघितलं, व्हेरिएबल दिसत नाही, रन फोल्डरही रिकामा. टर्मिनलवाले, चहा लागू.

रात्रपाळी (सकाळी ९:२०)
टेस्टिंगवालीने आत्ता लॉगिन केलं तर ओटीपी विचारलाच नाही, आणि सेशनमध्ये परत १८. रात्रीपासून काही बदललेलं नाही!

टर्मिनलवाला (९:२६)
ती एसएसएच कीने (पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलने) येतेय का?

रात्रपाळी (९:२७)
हो, आमच्याकडे सगळेच कीने येतात.

टर्मिनलवाला (९:३१)
नुसती की असेल तर एसएसएचडी पॅम_ऑथेंटिकेट बोलावतच नाही, थेट अकाउंट आणि सेशन. कॉन्फिगमधल्या ऑथेंटिकेशनमेथड्समध्ये पब्लिककी आणि कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह स्वल्पविराम देऊन एकत्र लिहा, म्हणजे दोन्ही लागतील. दुसरं टर्मिनल उघडं ठेवूनच रीस्टार्ट करा.

रात्रपाळी (९:३३)
हे काल का नाही सांगितलंत?

सी_आजोबा (९:३४)
तुम्ही काल सांगितलंत का, की सगळे कीने येतात?