घर न्यू जर्सीत, दुकान पेनसिल्व्हेनियात, स्टेट टॅक्स कुठे भरायचा?

जर्सीकर: मंडळी, माझी सिंगल मेंबर एलएलसी (एकाच मालकाची कंपनी) आहे, दुकान नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात. दोन राज्यांत करार आहे म्हणे, मग फक्त जर्सीला टॅक्स भरला तर चालेल ना?

हिशेबी: नाही चालणार. तो करार पगारापुरता आहे, धंद्याच्या नफ्याला नाही, इथेच लोक फसतात. कमाई तिकडची म्हणून पेनसिल्व्हेनियाचा नॉनरेसिडेंट (राज्याबाहेर राहणाऱ्यांचा) रिटर्न आधी, सरसकट ३.०७ टक्के, मग जर्सीच्या रिटर्नमध्ये सगळं उत्पन्न दाखवून तिकडच्या टॅक्सचं क्रेडिट घ्यायचं, म्हणजे तो जर्सीच्या टॅक्समधून वजा करायचा.

जर्सीकर: म्हणजे डबल नाही बसत?

हिशेबी: सहसा नाही. पण त्या उत्पन्नावर जर्सीचा जेवढा टॅक्स निघतो तेवढंच क्रेडिट मिळतं, जर्सीचे खालचे स्लॅब १.४ टक्क्यांपासून सुरू होतात त्यामुळे नफा कमी असेल तर पेनसिल्व्हेनियाला भरलेल्यातलं थोडं पाण्यात.

खातेवही: टॅक्स वाचवायला डेलावेअर राज्यात एलएलसी काढ असं कोणीतरी सांगेलच, ऐकू नकोस, नोंदणी कुठेही असो, इन्कम टॅक्स दुकान आणि घर असेल तिथलाच. आणि दुकान फिलाडेल्फिया शहरात असेल तर शहराचे बिझनेस टॅक्स वेगळे, ते आधी बघ.