मदत हवी आहे: मोनोकॉक बॉडी फिरत्या स्टँडवर चढवताना अक्ष कुठे धरावा?

नमस्कार मंडळी,

जुनी चार दरवाजांची गाडी घरीच नव्याने उभी करतोय. इंजिन, गिअरबॉक्स, काचा, सीट, पेट्रोलची टाकी, सस्पेन्शन, सगळं उतरवलंय. नुसती बॉडी घोड्यांवर (टेकूंवर) आहे; मोनोकॉक, म्हणजे खाली वेगळा सांगाडा (चासी) नसलेली. वरून पत्रा खणखणीत आहे, पण ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार जातो. दोन्ही सिल, म्हणजे दरवाजाखालच्या पोकळ पेट्या, खालच्या कडेने पापुद्रे सोडताहेत.

उताणं पडून वर वेल्डिंग करायचं म्हणजे ठिणग्या अंगावर आणि जोडाची खात्री नाही. म्हणून पुढे-मागे एकेक खांब, बंपरच्या बोल्टांच्या जागी प्लेटा आणि मधून फिरणारा पाइप असं स्टँड बनवतोय. दोन्ही खांब खालून लांब पाइपने जोडणार आहे, नाहीतर वजनाने ते फाकतील.

अडलंय ते अक्षाच्या उंचीपाशी. अक्ष गुरुत्वमध्याच्या खाली गेला तर बॉडी हातातून सुटून गर्रकन उलटी होणार, हे कळतं. फार वर ठेवला तर फिरवायला दोन माणसं लागणार आणि अडकवलेली खिळ काढली की बॉडी परत सरळ होणार. चढवण्याआधी ही उंची कशी काढायची? आणि सिल आधी कापू की चढवल्यावर?

हे काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. ही बॉडी वाकली तर दुसरी मिळणार नाही.

प्रतिसाद १

आधी काढत बसू नका, प्लेटेला उभ्या रेषेत पाच-सहा भोकं पाडा. रिकाम्या बॉडीचं बरंचसं वजन फ्लोअर, सिल आणि डॅशबोर्डमागच्या भिंतीत असतं, त्यामुळे गुरुत्वमध्य निम्म्या उंचीच्या खालीच सापडतो. सुरुवात वरच्या भोकापासून करा. चेन पुली (वजन उचलायची साखळीची कप्पी) सैल पण अडकवलेलीच ठेवून बॉडी थोडीशी कलवा. जोरात परत आली तर अक्ष एक भोक खाली घ्या. हळूच परत आली की तिथेच थांबा. अगदी तोललेली नको, किंचित खालच्या बाजूला जड हवी. पुढची आणि मागची उंची अशी धरा की दोन्ही पाइप एका सरळ रेषेत येतील, नाहीतर फिरवताना बॉडीलाच पीळ बसेल.

आणि हे सहसा कोणी सांगत नाही: कुजका फ्लोअर कापून टाकलात की खालचं वजन गेलं आणि गुरुत्वमध्य वर सरकला. सकाळी बरोबर असलेला तोल संध्याकाळी उलटा होतो. प्रत्येक मोठा तुकडा काढल्यावर पुली अडकवून पुन्हा तपासा. नुसत्या घर्षणावर विसंबू नका, प्रत्येक कोनाला आरपार जाणारी खिळ हवीच.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. सिलबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: चढवण्याआधी. मोनोकॉकमध्ये वेगळी चासी नसते, सिल हेच मुख्य तुळईचं काम करतात. स्टँडवर बॉडी फक्त दोन टोकांना धरलेली असते. तशात सिल कापलेत तर मधला भाग खचतो, आणि तसंच वेल्डिंग केलंत तर तो खचलेलाच कायम होतो.

बॉडी सरळ ठेवून सस्पेन्शनच्या जागांखाली टेकू द्या. दरवाजाच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत पाइप वेल्ड करा, एक आडवा, एक तिरका. डावी-उजवी बाजूही आतून एकमेकींना बांधा. चौकटींचे कर्ण मोजून पत्र्यावरच लिहून ठेवा. मग एका वेळी एकच सिल. पाइप असे लावा की दरवाजा बसवता येईल, कारण नवं सिल टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून धरल्यावर दरवाजा लावून फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघायचंय. ती सारखी दिसल्याशिवाय पूर्ण वेल्ड करू नका.

फ्लोअरचे जोड, खालचं खरवडणं, सीलर आणि रंग यांसाठी मग खुशाल फिरवा. खालचा जुना डांबरी थर ठिणगीने पेट घेतो, तेव्हा कापायच्या रेषेजवळचा आधी खरवडून घ्या आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बंपरच्या मागच्या बोल्टांभोवतीही गंज आहे, निम्मा पत्रा पातळ झालाय. मागची प्लेट तिथेच लावू की सस्पेन्शनच्या जागेपर्यंत स्टँडचा हात लांबवू?

प्रतिसाद २

हात लांबवा. पातळ पत्र्यावर संपूर्ण बॉडी टांगायची नाही.