अ‍ॅरिझोनात नॅव्हाहो भागातल्या शाळेत स्पेशल एज्युकेटरची ऑफर आलीये, कोणी गेलंय का तिकडे?

कारेलीबागची_टीचर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मी बडोद्याची, कारेलीबागला राहते, बी.एड. स्पेशल एज्युकेशन झालंय आणि इथल्या एका गुजराती मीडियमच्या स्पेशल शाळेत आयडी (बौद्धिक अक्षमता) आणि ऑटिझमच्या मुलांना शिकवते. म्हणजे घरात मराठी, वर्गात गुजराती आणि रिपोर्ट इंग्लिशमध्ये, असं सगळं चाललंय. जे-वन व्हिसासाठी (टीचरना ठराविक वर्षांसाठी अमेरिकेत शिकवायला नेणारा एक्स्चेंज व्हिसा) इंटरव्ह्यू दिले होते, आता अ‍ॅरिझोनातल्या एका सरकारी शाळेची ऑफर आलीये, पण शाळा नॅव्हाहो नेशनमध्ये आहे, म्हणजे तिथल्या मूळ लोकांचं जे मोठं रिझर्व्हेशन (राखीव प्रदेश) आहे त्यात. मी आपली अमेरिका म्हणजे न्यू जर्सी धरून बसले होते, मॅप उघडला तर लांबपर्यंत नुसती लाल माती.

सासरे म्हणतात आदिवासी भागातच शिकवायचं तर अमेरिका कशाला, छोटा उदेपूरला जा, शनिवारी घरी तरी येशील. त्यांचं अगदीच चूक नाही म्हणा.

मला कामाची भीती नाही, मुलांची तर नाहीच नाही. पण तिथली माणसं मला माहीत नाहीत. इथे आई मुलाला सोडायला दारात आली की तिच्याकडे बघूनच समजतं रात्री घरी काय झालंय ते, तिथे मला काय समजणार? आयईपी, म्हणजे प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शिक्षण आराखडा, आम्ही इथेही लिहितो पण तिथे म्हणे मीटिंगला वकील घेऊन येतात?? आणि मुलांना जवळ घेणं, भरवणं, नखं कापणं, केस विंचरणं, जे इथे आम्ही विचार न करता करतो, ते चालतं का? नवरा आणि मुलगा (पाचवीत आहे) नंतर येतील असं ठरतंय. प्लीज ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा, व्हिडिओ बघून सांगणारे घरात भरपूर आहेत.

मांडवी_ते_मेसा

ताई अभिनंदन! मी रावपुऱ्याची, तिकडच्याच एका शाळेत रिसोर्स रूम (खास मदत लागणाऱ्या मुलांचा वर्ग) सांभाळते, म्हणून लिहितेय, आणि लांबणार आहे.

आधी अंदाज घ्या की केवढा भाग आहे. नॅव्हाहो नेशन अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत पसरलंय, ७० हजार चौ. किमीच्या आसपास, म्हणजे आपल्या गुजरातच्या एक तृतीयांशाहून मोठं. बऱ्याच घरांत अजून नळाचं पाणी नाही, पाणी ड्रममध्ये भरून पिकअपमधून आणतात. स्कूल बस कच्च्या रस्त्याने तास तास येते आणि पाऊस पडला की येतच नाही. मूल सकाळी चिडचिडं असेल तर बिहेवियर चार्ट काढायच्या आधी विचारा किती वाजता उठलं आणि खाल्लं का. अजून एक गंमत, अ‍ॅरिझोना घड्याळ पुढेमागे करत नाही पण नॅव्हाहो नेशन करतं, त्यामुळे उन्हाळ्यात रिझर्व्हेशनबाहेरच्या फ्लॅगस्टाफ शहरातल्या अपॉइंटमेंटला सगळे नवीन लोक एक तास आधी पोचतात.

आता माणसांचं. मीटिंगला बऱ्याचदा आई नाही, आजी येते. आणि कायद्याने ते बरोबर आहे, मूल ज्या आजीकडे राहतं आणि जी त्याला आईबापाच्या जागी सांभाळते ती 'पेरेंट'मध्ये मोजली जाते. ती इंग्लिश बोलणारी नसेल तर दुभाषा द्यायची जबाबदारी शाळेची. आजीने हात पुढे केला तर हलका हात मिळवायचा, अमेरिकन स्टाइलने गदागदा हलवायचा नाही. प्रश्न विचारला की गप्प बसायचं. खरंच गप्प. आपल्याला दोन सेकंद शांतता झाली की लगेच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायची सवय आहे, ती सोडा, त्या विचार करत असतात. आणि ओळख सांगताना त्यांच्यात आईचं कुळ, वडिलांचं कुळ, मग दोन्ही आजोबांची कुळं असं चारही सांगतात. मी माझं माहेर, आजोळ, सासर असं सगळं सांगितलं तर आजी पहिल्यांदा हसल्या, नाहीतर तोपर्यंत मी फॉर्म घेऊन आलेली अजून एक बाई होते.

केसांचं मुद्दाम विचारलंत ते फार बरं झालं. अजिबात हात लावू नका, कात्री तर नाहीच. एकोणिसाव्या शतकात, १८७९ ला कार्लाइलची शाळा निघाली तेव्हापासून, या लोकांची मुलं घरून उचलून बोर्डिंग स्कूलमध्ये नेली, पहिल्या दिवशी केस कापले आणि स्वतःच्या भाषेत बोललं की शिक्षा. हे पुस्तकातलं नाही हो, आज मीटिंगला बसलेल्या आजी-आजोबांपैकी कित्येक जण स्वतः अशा शाळेत राहिलेले आहेत. त्यामुळे "शाळा मुलाच्या भल्यासाठीच सांगतेय" हे वाक्य तिथे चालत नाही.

वर्गात काय लावता तेही बघा. अमेरिकेत शहाणपणाचं चित्र म्हणून चष्मा घातलेलं घुबड सगळीकडे चिकटवतात, नॅव्हाहो घरात घुबड म्हणजे वाईट बातमी. आपल्या आजीला हे सांगायला लागलं नसतं! कोयोटीच्या (तिथला कोल्ह्यासारखा प्राणी) गोष्टी फक्त थंडीत सांगतात, उन्हाळ्यात नाही. ग्रहण लागलं की घरात बसायचं, खायचं नाही, बघायचं नाही. १४ ऑक्टोबर २०२३ ला कंकणाकृती ग्रहण होतं, जगभरातून लोक बघायला आले आणि नॅव्हाहोंचं मॉन्युमेंट व्हॅलीचं पार्क त्या वेळात बंद.

आणि आपल्या कामात जे खरं महत्त्वाचं आहे ते आता. ऑटिझमची कुठलीही चेकलिस्ट घ्या, नजरेला नजर देतो का, बोटाने दाखवतो का, हे असतंच. पण जुन्या वळणाच्या घरातलं मूल मोठ्यांच्या डोळ्यात बघत नाही, ते उद्धटपणाचं समजतात, आणि दाखवायचं असेल तर बऱ्याचदा बोटाने नाही, ओठ पुढे करून दाखवतात. आता शिकागोत बनलेला फॉर्म घेऊन बसलात तर दोन खुणा तिथेच भरल्या. कायदाही म्हणतो की टेस्ट भाषेमुळे किंवा संस्कृतीमुळे भेदभाव करणारी नको, पण टिक करणारा हात तुमचा असतो. म्हणून वर्गातली जी पॅरा असते, म्हणजे हेल्पर टीचर, बहुतेक तिथलीच बाई असते, तिला आधी विचारा. मुलगा घरी कसा बोलतो, कोणाशी बोलतो, कुठल्या भाषेत. तिचा पगार तुमच्यापेक्षा कमी असेल आणि माहिती दसपट.

एडिसनवाला_बाप

मी टीचर नाही, टेबलाच्या पलीकडचा माणूस. मूळ दांडिया बाजारचा, आता न्यू जर्सीत, मुलगा ऑटिस्टिक, चौदा वर्षांचा. त्यामुळे आयईपी मीटिंग या विषयात माझी पीएचडी झालीये असं समजा.

वकील रोज येत नाहीत, घाबरू नका. पण पालक स्वतःबरोबर कोणालाही आणू शकतात, अ‍ॅडव्होकेट, शेजारी, मामा. अपंग मुलांच्या शिक्षणाचा मूळ कायदा १९७५ चा, १९९० मध्ये त्याचं नाव आयडीईए झालं, आणि त्यात आईबाप हे टीमचे मेंबर आहेत, पाहुणे नाहीत. पहिली तपासणी आमच्या सहीशिवाय होत नाही, सर्व्हिसेस सहीशिवाय सुरू होत नाहीत. मूल पात्र ठरलं की ३० दिवसांत आयईपीची मीटिंग, वर्षातून एकदा रिव्ह्यू, तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. सोळाव्या वर्षापर्यंत पुढे काय करणार, नोकरी की ट्रेनिंग, त्याचा प्लॅन त्यात आलाच पाहिजे.

बडोद्यात माझ्या पुतण्याच्या शाळेतली आयईपी बघितलीये, "वाचनात प्रगती होईल", "वर्तनात सुधारणा होईल". हे तिथे चालणार नाही ताई. गोल असा लागतो की दुसरीच्या पातळीचा उतारा मिनिटाला ६० शब्द या वेगाने, पाचपैकी चार वेळा, अमुक तारखेपर्यंत, आणि मोजणार कोण तेही. स्पीच थेरपी आठवड्याला ६० मिनिटं लिहिली की ६० द्यावी लागतात, थेरपिस्ट रजेवर होती हे कारण नाही, बुडालेले तास भरून मागता येतात आणि आम्ही मागतो. २०१७ मध्ये एन्ड्रू एफ. केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नावापुरती प्रगती पुरत नाही, त्या मुलाच्या परिस्थितीत जी व्हायला हवी ती प्रगती आयईपीतून व्हायला पाहिजे. तेव्हापासून शाळा जरा सांभाळून बोलतात.

पालक म्हणून एकच विनंती, "सगळं छान चाललंय" म्हणू नका. काय जमत नाहीये ते आकड्यासकट सांगा. मला ती टीचर आवडते जी वही उघडते. आणि मुलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची सवय विमानतळावरच सोडा, प्रायव्हसीचे नियम कडक आहेत, आपल्याकडे अ‍ॅन्युअल डेचे शंभर फोटो येतात तसं नाही.

रिटायर्ड_बेन

वरच्या दोघांनी चांगलं लिहिलंय पण मी जरा थंड पाणी ओतणार.

पहिलं, सासऱ्यांना हसू नका. मी छोटा उदेपूर, कवांटच्या बाजूला तपासणी शिबिरांना जायची, राठवा मुलं, घरात राठवी बोलणारी, आणि शहरातून आलेले लोक गुजरातीत टेस्ट घेऊन सरळ आयडी लिहून मोकळे. ऐकू येतं की नाही हे आधी तपासायचं असतं हे सुद्धा विसरायचे. म्हणजे शिकागोचा फॉर्म काय नि बडोद्याचा फॉर्म काय.

दुसरं, "हे तर आपल्यासारखंच आहे" म्हणून त्या लोकांच्या गळ्यात पडू नकोस गं. घुबड, ग्रहण, कुळ, सगळं जुळतं म्हणून आपण खुश होतो, पण आपली जमीन कोणी घेतली नव्हती आणि आपली मुलं कोणी उचलून नेली नव्हती. त्यांचं दुःख त्यांचं आहे. आणि त्यांच्या विधींबद्दल प्रश्न विचारत बसू नकोस, बोलावलं तर जा, नाही बोलावलं तर घरी भाजी चीर.

तिसरं पैसे. स्पॉन्सर (जे-वनचा कार्यक्रम चालवणारी तिकडची संस्था) वेगळा आणि इथला एजंट वेगळा. स्पॉन्सर हा अमेरिकेच्या स्टेट डिपार्टमेंटने मान्यता दिलेला असावा लागतो, ती यादी त्यांच्या साइटवर आहे, नाव स्वतः तपास. एजंट जर पहिल्या वर्षाच्या पगारातून टक्के मागत असेल किंवा कोरा चेक ठेवून घेत असेल तर पळ. डिग्रीचं इव्हॅल्युएशन, व्हिसा, तिकीट, इन्शुरन्स, डिपॉझिट, प्रत्येकाचे किती आणि कोण भरणार ते कागदावर घे, फोनवर नाही.

आणि आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषद) नंबर जिवंत ठेव. सीआरआर, म्हणजे तिथली नोंदणी, रिन्यू करायला सीआरईचे (चालू प्रशिक्षणाचे) पॉइंट लागतात, परत आल्यावर धावपळ करण्यापेक्षा तिथून ऑनलाइन प्रोग्रॅम करत राहा. जे-वन कायमचा नसतो, यायचं आहेच.

कारेलीबागची_टीचर

बापरे, इतकं सविस्तर! बेन, सासऱ्यांना तुमचं पहिलं वाक्य वाचून दाखवलं, आता ते मला रोज सुनावणार.

एजंटने पगारातून टक्के मागितलेले नाहीत पण "प्रोसेसिंग" म्हणून एक मोठी रक्कम आहे आणि त्यात काय काय येतं ते विचारलं की विषय बदलतो. उद्या मेलवरच विचारते.

@मांडवी_ते_मेसा, जवळ घेण्याचं राहिलं. माझ्याकडे एक मुलगा आहे, त्याला त्रास व्हायला लागला की पाठीवरून हात फिरवत घट्ट धरून बसावं लागतं, दहा मिनिटांत शांत होतो. तिथे असं मूल आलं तर काय करायचं? आणि व्हिसा किती वर्षांचा, नवऱ्याला काम करता येतं का?

मांडवी_ते_मेसा

घट्ट धरणं हे तिथे 'रिस्ट्रेंट'मध्ये (मुलाला बळाने रोखून धरणं) येऊ शकतं. त्याला वेगळं ट्रेनिंग असतं, ते झाल्याशिवाय धरू नका, आणि धरलंच तर त्याच दिवशी लिहून द्यायचं, घरी कळवायचं. पण मुलाला दाबाची गरज आहे हे तुम्ही बरोबर ओळखलंय, मग ऑक्युपेशनल थेरपिस्टला गाठा, वजनाचं लॅप पॅड, शांत कोपरा, असं काहीतरी ती सुचवेल आणि ते आयईपीत लिहून घ्या. लिहिलेलं असलं की कोणी बोट दाखवत नाही आणि तुम्ही नसलात तरी मुलाला ते मिळतं. आमच्या भागात थेरपिस्ट बऱ्याचदा स्क्रीनवर असते, पॅरा मुलाजवळ बसते, ते सुरुवातीला विचित्र वाटेल. टॉयलेटला नेताना शाळेचा नियम काय आहे तो पहिल्याच आठवड्यात विचारा, औषध फक्त नर्स देणार, तुम्ही क्रोसिन सुद्धा नाही. आणि अंगावर मारल्याच्या खुणा दिसल्या किंवा मुलाने तसं काही सांगितलं तर प्रिन्सिपलला विचारून ठरवू असं नसतं, कळवणं ही कायद्याने तुमची स्वतःची जबाबदारी आहे.

व्हिसा तीन वर्षं, शाळेने आणि स्पॉन्सरने मनावर घेतलं तर आणखी एक किंवा दोन. नंतर पुन्हा टीचर म्हणूनच जायचं तर मध्ये दोन वर्षं अमेरिकेबाहेर राहावं लागतं. नवरा जे-टू वर (जे-वनवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) येऊन वर्क परमिटसाठी अर्ज करू शकतो, पण कागद यायला महिने जातात आणि रिझर्व्हेशनवर नोकऱ्या फार नाहीत, हे त्यांना आत्ताच सांगा. मुलाला तिथल्याच शाळेत घालावं लागेल, मजेत राहतात मुलं, बास्केटबॉलचं वेड लागतं.

हो, जे-वनमध्ये दरवर्षी आपल्या देशाची ओळख करून द्यायचा एक कार्यक्रम करावाच लागतो. मी पतंग करते. मांजा अर्थातच नाही, साधा दोरा, आणि जानेवारीत नाही, वसंतात करते, तेव्हा वारा असा असतो की व्हीलचेअरवरच्या मुलाच्या हातात दोरा दिला तरी पतंग आपोआप वर जातो.

फिंगरप्रिंट क्लिअरन्स कार्डाचा (बोटांचे ठसे घेऊन गुन्ह्यांची नोंद तपासतात ते) अर्ज लवकर करा, अ‍ॅरिझोनात त्याशिवाय वर्गात उभं राहू देत नाहीत आणि शाळा जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीलाच चालू होते.

एडिसनवाला_बाप

गाडी येते ना ताई? नसेल येत तर आजपासून शिका, रिझर्व्हेशनवर किराणा सुद्धा तासभर लांब असू शकतो. बडोद्याच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या.

कारेलीबागची_टीचर

अ‍ॅक्टिव्हा येते :( उद्याच ड्रायव्हिंग क्लासला नाव घालते. गाडी आणि इन्शुरन्सचा वेगळा धागा उघडते, इथे भरकटेल.